बाबांचा ड्रायर तापत नाही

बाबांचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका मिक्सरच्या पोटात हात घालून बसले होते.

"दोन फ्यूज पाठव," ते म्हणाले. "कपड्यांच्या ड्रायरचे."

"कुणाच्या ड्रायरचे?"

"आपल्याच घरच्या. तापत नाहीये."

"मागच्या आठवड्यात दोन पाठवले होते की."

"ते उडाले. जास्त चौकशा करू नकोस. फ्यूज पाठव."

इथेच माझं डोकं सणकलं. ज्या माणसाने चाळीस वर्षं हे दुकान चालवलं, मला हा धंदा शिकवला, आठवड्यात दोन फ्यूज उडाले म्हणून सांगणाऱ्या गिऱ्हाइकाची ज्याने भर दुकानात खरडपट्टी काढली, तोच माणूस मला चौकशा करू नकोस म्हणत होता. फ्यूज उगाच उडत नाही. मशीन आतून भाजायला लागलं की तो स्वतःचा जीव देऊन बाकीच्यांना वाचवतो. एक उडाला तर नवा बसवून चालतं. दुसरा उडाला की मशीन उघडून कारण शोधायचं. हे मला कुणी शिकवलं? बाबांनीच.

"मी येते," मी म्हटलं.

"तू कशाला? माझ्या घरचं मशीन मी बघेन."

"बघताय ते दिसतंच आहे," असं म्हणून मी फोन ठेवला आणि मिक्सर तसाच उघडा टाकून निघाले.

खरं सांगायचं तर मला नुसत्या फ्यूजचा राग आलेला नव्हता. त्याच दिवशी चार वाजता दादा घरी येणार होता, शुश्रूषा केंद्राचा फॉर्म घेऊन. आईची डावी बाजू दीड वर्षापूर्वी गेली. तेव्हापासून बाबा तिचं सगळं एकट्याने करत होते आणि बरं करत होते. तिला उचलून खुर्चीत बसवायचं, न्हाऊ घालायचं, केस विंचरायचे. केस ते फार ओढून विंचरतात एवढीच तिची तक्रार असायची. पण गेले तीन आठवडे ती अंथरूण ओलं करायला लागली होती. दिवसातून एकदा नव्हे, चार-पाच वेळा. प्रत्येक वेळी तिला एका कुशीवर वळवून चादर काढायची, खालचं रबर पुसायचं, दुसरी चादर घालायची, पहिली धुवून वाळवायची. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. मागच्या शुक्रवारी तिला वळवताना त्यांची कंबर धरली आणि तसेच वाकलेले ते अर्धा तास पलंगाचा कठडा धरून उभे होते. दादाने तेव्हाच ठरवलं. केंद्रात एक जागा रिकामी झाली होती, संध्याकाळपर्यंत होकार द्यायचा होता आणि सोमवारी आईला न्यायचं होतं.

दादा वाईट माणूस नाही. शनिवार-रविवार तो तिथे राहतो, त्याने स्वतःच्या हाताने त्या चादरी बदलल्या आहेत. मी मात्र त्या तीन आठवड्यांत एकदाही गेले नव्हते. दुकान जुन्या जागेतून नव्या जागेत हलवत होते आणि रोज फोनवर "उद्या येते" म्हणत होते. म्हणजे मला राग यायचा तर आधी स्वतःचाच यायला हवा होता. पण स्वतःवर रागवून भांडता येत नाही, त्यामुळे तो सगळा मी बाबांसाठी राखून ठेवला.

मागच्या दाराने मी थेट धुण्याच्या खोलीत शिरले. तिथे दोरीवर, खुर्चीच्या पाठीवर, इस्त्रीच्या टेबलावर, सगळीकडे ओल्या चादरी लोंबत होत्या. बाबा ड्रायरसमोर स्टुलावर बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर गिऱ्हाइकाचा भाव होता. हा भाव मी रोज बघते. आपण काहीच केलेलं नाही, मशीन आपोआप बिघडलं, असा तो भाव असतो.

"फ्यूज आणलेस?" त्यांनी विचारलं.

"आणलेत. दिवसाला किती वेळा चालवता हे?"

"एकदा. फार तर दोनदा."

"बाबा, मी इथे नऊ चादरी मोजल्यात."

"मग कशाला विचारतेस?"

मी दात-ओठ खात मशीन चालू केलं. ड्रम फिरत होता, हवा येत होती, पण गारढोण. बटण गार हवेवर ठेवलेलं नव्हतं. भिंतीतल्या सॉकेटमध्ये वीज पूर्ण होती. कपड्यांचा कापूस अडवणारी जाळी काढून पाहिली तर आरशासारखी स्वच्छ. मी मशीन बंद केलं, वायर काढली आणि मागचं झाकण उघडायला घेतलं, तर एकही स्क्रू घट्ट नव्हता. इतक्या वेळा उघडझाप झाली होती की सगळे बोटाने फिरत होते. मीटर लावला. हीटरची कॉइल शाबूत, थर्मोस्टॅट शाबूत. फ्यूजला मीटर लावला तर आवाज नाही.

"उडालाय," बाबा म्हणाले.

"ते तुम्ही फोनवर सांगितलंत. का उडतोय ते सांगा."

"जुना झालाय ड्रायर."

"आधीचे कुठायत?"

त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून माझ्या हातावर ठेवली. आत पाच फ्यूज होते. पाच! एक मशीनचा मूळचा, तीन त्यांच्या जुन्या साठ्यातले, एक मी पाठवलेला; मी पाठवलेला दुसरा अजून मशीनमध्येच होता, तोही उडालेला. मी कपाळावर हात मारला. हेच पाच फ्यूज घेऊन एखादं गिऱ्हाईक दुकानात आलं असतं तर बाबांनी त्याला खुर्चीसुद्धा दिली नसती.

"मशीन आत तापतंय आणि हवा बाहेर पडत नाहीये," मी म्हटलं. "पाईप तुंबलाय."

"पाईप तुंबलेला नाही."

"बघितलात?"

"बघितला."

"मग मीही बघते."

"काही गरज नाही!" ते इतक्या जोरात म्हणाले की मला उलट खात्री पटली. मी बाहेर गेले. घराच्या मागच्या भिंतीला, जिथून ड्रायरची हवा बाहेर पडते, तिथल्या झडपेवर प्लॅस्टिकची पिशवी होती. व्यवस्थित घडी घालून, चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवलेली. हे वाऱ्याचं काम नव्हतं आणि पाखराचंही नव्हतं. चिकटपट्टीचे कोपरे कात्रीने गोल कापलेले होते आणि असे कोपरे कापणारा माणूस मला एकच माहीत आहे.

मी आत आले आणि त्यांच्याशी एक शब्दही न बोलता ड्रायर पुढे ओढला. पाईप भिंतीत जातच नव्हता. भिंतीतलं भोक चिंध्यांनी बुजवलेलं होतं आणि पाईप डावीकडे वळून कपाटामागे शिरला होता. कपाटामागून दाराशी आला होता. दाराच्या तळाचा एक तुकडा त्याच्यासाठी करवतीने कापून काढला होता. मग तो बोळातल्या चटईच्या कडेने गेला होता, दोन ठिकाणी जोड देऊन, जोडांवर चंदेरी पट्टी गुंडाळून. चार वळणं आणि कमीत कमी सात मीटर लांबी. मध्ये एका ठिकाणी तो खाली झुकला होता, तिथे मी पाय लावला तर आतून डुबुक असा आवाज आला. आत पाणी साचलं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "हे काय आहे?"

"तुझ्या आईला थंडी वाजते."

मी पाईपच्या मागे मागे आईच्या खोलीत गेले.

खोली बंद होती आणि काचांवरून पाण्याचे ओघळ येत होते. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्या पायांशी, पांघरुणाच्या खाली, बाबांनी जाड तारेची कमान बसवली होती आणि त्या कमानीत पाईपचं तोंड सोडलं होतं. तोंडाला आईचाच जुना पायमोजा ताणून बसवलेला, कापूस आत उडू नये म्हणून. कारागिरी म्हणून बघाल तर दृष्ट लागावी असं काम. माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली. पायमोज्याने हवा आणखी अडते आहे, हे या माणसाला कळू नये?

"आलीस का गं?" आई म्हणाली, पण तोंड वळवलं नाही. "दादा यायच्या आत आलीस, बरं केलंस. मी जाते म्हणून सांगितलंय त्याला."

"तुला जायचंय का?"

"तसं नाही गं. पण बाबांची कंबर बघ. आणि माझं हे असं." मग खालच्या आवाजात म्हणाली, "मला कळतच नाही कधी होतं ते. लागली की मी हाक मारते, ते नेतातही, पण मधल्या वेळात तरी होतंच. तिकडे बघू नकोस. तासाभरापूर्वीच बदलली होती चादर."

मी बघितलं. माझं पोट भरतं ते न विचारता बघण्यावरच. पांघरुणाखाली हात घातला. कमरेपासून पावलांपर्यंत चादर दमट, मधोमध तर चिंब. मी चादरीचा कोपरा ओढून नाकाला लावला.

"काय करतेस हे!" आई ओरडली. तिला इतकी लाज वाटली की ती रडायच्या बेताला आली.

वास साबणाचा होता. फक्त साबणाचा. मी पुन्हा हुंगलं. मग पांघरूण उलटं केलं. त्याची आतली बाजूसुद्धा ओली होती, वरपर्यंत, तिच्या छातीच्या रेषेपर्यंत. कमानीच्या तारेवर थेंब जमले होते. रबराला हात लावला तर ते गारगार आणि त्याच्यावर पाणी नुसतं सुटलेलं.

मी पांघरूण नीट घातलं, पाईप कमानीतून उपसून काढला, खिडकी उघडली आणि बोळात आले. बाबा तिथेच भिंतीला टेकून उभे होते.

"हा पाईप कधी लावलात?"

"थंडी सुरू झाल्यावर."

"तारीख सांगा."

"तीन आठवडे झाले असतील. मंगळवारी लावला."

"आणि आई अंथरूण ओलं करायला कधी लागली?"

ते बोटांवर दिवस मोजायला लागले.

"वास आला कधी तुम्हाला?"

"माझं नाक कुठे चालतं," ते म्हणाले. खरंच होतं. दूध करपून घरभर धूर झाला तरी त्यांना कळत नाही.

"लघवी पांघरुणाच्या वरच्या अंगाला चढते का, बाबा?" माझा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची मला अजिबात इच्छा नव्हती. "ओल्या चादरी मशीनमध्ये घातल्या की त्यांच्यातलं पाणी जातं कुठे? सांगा ना. मला तुम्हीच शिकवलंत. एका फेरीत दीड-दोन लिटर पाणी निघतं. ते कुठे जातं?"

"हवेबरोबर बाहेर," ते म्हणाले.

"आणि तुमची हवा कुठे जाते?"

त्यांनी बोळातल्या पाईपकडे पाहिलं. टोकापासून टोकापर्यंत, जोडांसकट, सावकाश. चाळीस वर्षांत त्यांना हे कुणी समजावून सांगायची वेळ आली नव्हती आणि आताही आली नव्हती. त्यांना सगळं एका क्षणात कळलं. चादर ओली झाली म्हणून त्यांनी ती धुतली. धुतली म्हणून वाळवली. वाळवताना तिच्यातलं पाणी आईच्या पांघरुणात सोडलं आणि दुसरी चादर ओली झाली. मशीन दिवसभर चालायला लागलं, लांबलचक पाईपमध्ये हवा कोंडली, फ्यूज उडाला. मग तर नुसती गार, ओली हवा तिच्या पायांवर. तिला आणखी थंडी वाजली, म्हणून यांनी आणखी फ्यूज बसवले.

ते चटईवर खालीच बसले.

मी खूप काही बोलणार होते. जिभेवर सगळं तयार होतं. पण चटईवर बसलेल्या त्या माणसाला काय बोलणार? त्यांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले होते आणि ते तळहात धुण्याच्या पाण्याने चिरले होते. मला त्यांची दया आली आणि दया आली म्हणून पुन्हा राग आला. एक फोन केला असता! "आईला थंडी वाजते, काय करू," एवढं विचारलं असतं तर मी गरम पाण्याची पिशवी घेऊन आले असते. पण विचारणार कसे? मी "उद्या येते" म्हणत होते आणि त्यांना यंत्राशिवाय दुसरं काही सुचत नाही.

"तिला सांगू या," ते म्हणाले.

"आत्ता नाही. आधी चालवून बघू. दुरुस्त झालं असं वाटणं वेगळं आणि झालेलं असणं वेगळं."

मी झडपेवरची पिशवी फाडली, भोकातल्या चिंध्या काढल्या, हातभर पाईप कापून सरळ भिंतीत जोडला आणि नवा फ्यूज बसवला. बाबांनी न सांगता टॉर्च धरला. मशीन चालू केलं. दोन मिनिटांत ड्रायरच्या दाराची काच कोमट झाली, पाचव्या मिनिटाला हात ठेववेना. बाहेर जाऊन बघितलं तर झडप उघडून वाफ भसाभसा बाहेर पडत होती. पाऊण तासात चादर कडक वाळून निघाली. आम्ही दोघांनी मिळून आईच्या अंगाखालचं सगळं बदललं, रबर पुसून कोरडं केलं, दुसरं पांघरूण घातलं, पायांशी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवली. दीड वाजला होता. आम्ही तिच्यासाठी एवढी धावपळ करतोय याचीच तिला शरम वाटत होती, हे तिच्या मिटलेल्या डोळ्यांवरून दिसत होतं. बाबा दर दहा मिनिटांनी दारात येऊन उभे राहत आणि परत जात.

"बसा हो एका जागी," मी शेवटी म्हटलं. "तुम्ही येरझाऱ्या घातल्याने चादर जास्त कोरडी राहणार नाही."

तीन वाजता आईने हाक मारली, बाबांनी तिला नेऊन आणलं. मी तेवढ्यात चादर चाचपली. कोरडी. बाबांना नुसती मान हलवून सांगितलं. त्यांनी तोंड फिरवलं आणि उगीचच खिडकीची काच पुसायला घेतली.

चारच्या ठोक्याला दादा आला. हातात फॉर्मची पिशवी, आणि भांडणाची तयारी चेहऱ्यावर. मी त्याला बोळातच गाठून सगळं सांगितलं. त्याने दोनदा ऐकून घेतलं.

"चादरी मी श्वास रोखून बदलत होतो, आणि तो पाईप तीन रविवार ओलांडतोय," तो म्हणाला. "मला वाटलं, बाबांचं काहीतरी चालू असेल."

"नेहमी असतंच."

"पण तुझं नक्की आहे? एका दुपारवरून कसं सांगतेस?"

"जा, हात घालून बघ."

तो आत गेला. पलंगाशी उभा राहिला आणि अवघडला, पन्नाशीचा माणूस आईच्या पांघरुणात हात कसा घालणार. मग त्याने घातला. कमरेखाली, मांडीखाली, मधोमध, कडेला. हात बाहेर काढून स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं.

"काय चाललंय तुम्हा सगळ्यांचं?" आई म्हणाली. "झाली असेल तर बदला. तमाशा कशाला?"

"आई, कोरडी आहे," दादा म्हणाला. "अडीच तास झाले. तू नव्हतीसच गं. ती पाईपची वाफ होती."

मी तिला समजावून सांगितलं, बाबांना वगळून, मशीनला दोष देत. पण बाबा पुढे आले आणि स्वतःच म्हणाले, "मशीन चांगलं होतं. मी लावला पाईप. तुला ऊब मिळावी म्हणून."

आईने उजव्या हाताने अंगाखालची चादर चाचपून पाहिली.

"म्हणजे मी नाही?" तिने मला विचारलं.

"नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही, आई."

तिने मान वळवून बाबांकडे पाहिलं.

"अहो, मी तीन आठवडे पाणी पीत नाहीये," ती म्हणाली. "सकाळी गोळीपुरता एक घोट. तुम्ही ग्लास ठेवून गेलात की उशाजवळच्या कुंडीत ओतत होते. तहान लागली की डोळे मिटून पडायचे. तुम्हाला वाटायचं, झोपले."

दादा खुर्चीवर बसला आणि फॉर्मची पिशवी त्याने पायाखाली सारली. बाबा तर जागचे हललेच नाहीत, मग मीच ओरडले, "अहो बाबा, पाणी!" तेव्हा ते धावले.

ग्लास त्यांनी तिच्या ओठांना लावला, तर तिने तो उजव्या हाताने काढून घेतला आणि स्वतः प्यायली. हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून कोरड्या चादरीवर पाणी सांडलं, तरी थांबली नाही.

"अजून," ती म्हणाली.

बाबांनी दुसरा आणला. मग तिसरा. तिसरा संपवून तिने ग्लास परत दिला, दम घेतला आणि आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं.

"आता अर्ध्या तासात मला न्यावं लागणार," ती म्हणाली. "कोण नेतंय?"

आम्ही तिघंही उठलो.